कोल्हापुरात वीज विकणारा एकच, मग घरचा दर कमी करायचा कुठे?

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्याला अदानीचं बिल परवडेना तर तो टाटाकडे जाऊ शकतो. कोल्हापुरात तसं नाही. राजारामपुरीतला फ्लॅट असो, शिवाजी पेठेतला जुना वाडा असो की गगनबावड्यातलं घर, घरगुती वीज महावितरणकडूनच घ्यावी लागते. त्यामुळे आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे की बिल येईल ते भरायचं, त्यात आपल्या हातात काही नाही. माझं म्हणणं असं की विक्रेता निवडता येत नसला तरी दर ज्या ठिकाणी ठरतो त्यांतल्या काही ठिकाणी आपला हात पोहोचतो. ती ठिकाणं कोणती आणि तिथे क्रमाने काय करायचं, हे या लेखात सांगतो.

आधी समजून घ्या: स्पर्धा आहे, पण वरच्या मजल्यावर

वीज कायदा २००३ ने वीजनिर्मिती मोकळी केली. निर्मितीला आता परवाना लागत नाही. वितरण मात्र परवान्यावरच चालतं. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचं विभाजन झालं आणि निर्मिती महानिर्मितीकडे, पारेषण महापारेषणकडे, वितरण महावितरणकडे गेलं. महावितरण स्वतः वीज तयार करत नाही, ती विकत घेते. महानिर्मिती, एनटीपीसी, खासगी औष्णिक प्रकल्प, सौर आणि पवन प्रकल्प हे तिचे पुरवठादार. तिच्या एकूण खर्चात सर्वांत मोठा वाटा या खरेदीचा असतो, आणि खरी स्पर्धा तिथेच होते.

ती दोन प्रकारे होते. पहिला प्रकार दीर्घ मुदतीच्या करारांचा. निविदा निघते, सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम मिळतं आणि कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे वीज नियामक आयोग तो दर स्वीकारतो. दुसरा प्रकार वीज एक्स्चेंजचा, जो देशात २००८ पासून सुरू आहे. तिथे उद्याच्या विजेचा सौदा आज होतो, आणि तोही पंधरा-पंधरा मिनिटांच्या शहाण्णव तुकड्यांत. शाहू मार्केट यार्डातला गुळाचा सौदा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे पटकन कळेल. फरक एवढाच की गुळाच्या प्रत्येक कलमाचा, म्हणजे ढिगाचा, दर वेगळा निघतो, तर एक्स्चेंजवर मागणी भागवणाऱ्या शेवटच्या, म्हणजे सर्वांत महाग विक्रेत्याचा दर त्या पंधरा मिनिटांपुरता सगळ्यांना मिळतो. म्हणून दुपारी सौरवीज भरपूर असताना हा दर खाली येतो आणि संध्याकाळी दिवे लागले की चढतो. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर तो इतका चढला की केंद्रीय आयोगाला युनिटमागे १२ रुपयांची कमाल मर्यादा घालावी लागली. पुढच्या वर्षी ती १० रुपयांवर आणली.

घरापर्यंत येताना ही चढउतार थांबते, कारण आपला दर बाजारात नव्हे तर आदेशाने ठरतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग महावितरणचा खर्च तपासतो आणि त्यावरून दरपत्रक काढतो.

शेजारच्या कारखानदाराची गोष्ट वेगळी आहे. गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीतल्या मोठ्या फाउंड्रीचा भार एक मेगावॉटच्या वर असेल तर ओपन ॲक्सेसने, म्हणजे महावितरणच्या तारा भाड्याने वापरून, ती दुसरीकडून वीज आणू शकते. हरित ऊर्जेसाठी ही अट २०२२ च्या केंद्रीय नियमांनी १०० किलोवॉटवर आणली. घराला हे दार बंद आहे, पण त्याची झळ घरालाही लागते. उद्योग आणि व्यापारी ग्राहक सरासरी खर्चापेक्षा जास्त दर देतात आणि त्या जादा पैशांतून शेतीपंप व कमी वापराच्या घरांचा दर खाली ठेवला जातो. ही क्रॉस सबसिडी. मोठा ग्राहक बाहेर पडला की तेवढे पैसे कमी होतात. त्याची भरपाई म्हणून त्याच्याकडून अधिभार घेतात, पण ती पुरी पडली नाही तर उरलेला बोजा मागे राहिलेल्यांवर येतो. मागे राहणाऱ्यांत आपण असतो.

दुसरी कंपनी आली तर स्वस्त होईल का?

हा प्रश्न अनेक जण विचारतात, म्हणून थोडं थांबून सांगतो.

मुंबईत निवड आली ती न्यायालयातून. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरचा किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा अधिकार मान्य केला. २००९ मध्ये आयोगाने तेव्हाच्या रिलायन्सच्या (आताच्या अदानीच्या) तारांवरूनच टाटाची वीज घेण्याची सोय करून दिली. तारा एकाच्या, वीज दुसऱ्याची. ग्राहक तारांच्या मालकाला वहन आकार देतो आणि विजेचे पैसे दुसऱ्या कंपनीला. यात ग्राहकांचा फायदा झाला, पण भरपूर वीज वापरणारे ग्राहक आधी निघून गेले आणि क्रॉस सबसिडीचा तोच पेच तिथेही उभा राहिला.

ब्रिटनमध्ये १९९८-९९ पासून प्रत्येक घराला विक्रेता निवडता येतो. तिथेही २०१९ मध्ये दराला कमाल मर्यादा आणावी लागली आणि २०२१-२२ मध्ये गॅस महागल्यावर तीसच्या आसपास विक्रेत्या कंपन्या बंद पडल्या. अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये काही घरांनी बाजारभावानेच वीज घेण्याचा करार केला होता. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात घाऊक दर युनिटला ९ डॉलरपर्यंत गेला आणि त्यांना हजारो डॉलरची बिलं आली.

आपल्याकडे केंद्राने २०२२ मध्ये एकाच भागात अनेक वितरकांना वाट करून देणारं दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं. ते मंजूर झालं नाही. त्याच वर्षी अदानी समूहाने नवी मुंबई परिसरासाठी समांतर परवाना मागितला आणि त्याविरोधात जानेवारी २०२३ मध्ये राज्यातले वीज कर्मचारी संपावर गेले. या सगळ्यावरून माझं मत असं झालं आहे की विक्रेते वाढले तर सेवा सुधारू शकते, पण बिलातला मोठा भाग खरेदीचा, तारांचा आणि सरकारी शुल्काचा असतो. तो विक्रेता बदलून फारसा हलत नाही. म्हणून दुसऱ्या कंपनीची वाट पाहण्यात वर्षं घालवू नयेत.

पायरी १: बिल उलगडून बघा

बिलाची रक्कम आणि शेवटची तारीख एवढंच बघून ते बाजूला ठेवू नका. पहिल्यांदा मागील रीडिंग आणि चालू रीडिंग मीटरशी जुळवा. रीडिंगच्या जागी 'लॉक', 'फॉल्टी' किंवा 'आरएनए' (रीडिंग मिळालं नाही) असा शेरा असेल तर ते बिल सरासरीवर काढलेलं आहे. सरासरी बिल दोन-तीन महिने चाललं की पुढे एकदम मोठा आकडा येतो. असं दिसताच मीटरचा फोटो काढून महावितरणच्या ॲपवर रीडिंग द्या आणि दुरुस्ती मागा. साठलेले युनिट एकाच महिन्याच्या दरटप्प्यांत (हे टप्पे पायरी २ मध्ये दिले आहेत) बसवलेत का, हेही तपासा. तीन महिन्यांच्या युनिटना तीन महिन्यांच्या टप्प्यांचा फायदा मिळायला हवा.

मग आकार बघा. 'स्थिर आकार' वीज वापरली नाही तरी द्यावा लागतो आणि थ्री फेजला तो सिंगल फेजच्या कितीतरी जास्त असतो. 'वीज आकार' युनिटवर आणि टप्प्यावर अवलंबून असतो. 'वहन आकार' तारांचा. 'इंधन समायोजन आकार' महिन्यागणिक बदलतो, कारण कोळसा किंवा वीजखरेदी आयोगाने धरलेल्या खर्चापेक्षा महाग किंवा स्वस्त पडली की फरक इथे येतो. दरवाढीची बातमी नसताना बिल वाढलं तर पहिल्यांदा या ओळीकडे बघा. शेवटी 'वीज शुल्क', घरगुती ग्राहकाला १६ टक्के. हे राज्य सरकारला जातं आणि वरच्या सगळ्या आकारांच्या बेरजेवर लागतं.

पूर्वी थ्री फेज कनेक्शन घेतलेली अनेक घरं आज सिंगल फेजवर आरामात चालतील. पिठाची गिरणी किंवा मोठी मोटर केव्हाच बंद झाली असेल तर भार कमी करण्याचा अर्ज द्या.

पायरी २: तुमच्या शेवटच्या युनिटचा दर काढा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे.

महावितरणचे घरगुती टप्पे असे आहेत: ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. २०२४-२५ साठी आयोगाने ठरवलेले दर वीज आकार आणि वहन आकार मिळून अनुक्रमे ५.८८, ११.४६, १५.७२ आणि १७.८१ रुपये होते. सिंगल फेजचा स्थिर आकार महिना १२८ रुपये. त्यानंतर जुलै २०२५ पासून दर बदलले आहेत, म्हणून तुमच्या बिलावरचे ताजे आकडे घालून हाच हिशेब करा. पद्धत तीच राहते.

आधी एक गैरसमज दूर करतो. १०० चा टप्पा ओलांडला की सगळ्या युनिटना वरचा दर लागतो, असं पेठापेठांतून ऐकू येतं. ते खरं नाही. १५० युनिट झाले तर पहिल्या १०० ना खालचाच दर लागतो आणि वरच्या ५० ना पुढचा. हिशेब असा:

१०० युनिटचे ५८८ रुपये, वरच्या ५० चे ५७३, स्थिर आकार १२८. बेरीज १,२८९. त्यावर १६ टक्के शुल्क धरून साधारण १,४९५ रुपये. इंधन समायोजन यात धरलेलं नाही.

३०० युनिटचं बिल याच रीतीने ३,४८९ रुपये होतं.

आता शुल्कासह एकेका युनिटची किंमत बघा. पहिल्या टप्प्यातलं युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडतं, दुसऱ्या टप्प्यातलं १३ रुपये २९ पैशांना, तिसऱ्यातलं १८ रुपये २४ पैशांना आणि ५०० च्या वरचं २० रुपये ६६ पैशांना. एकूण बिल भागिले युनिट करून निघणारा सरासरी दर बचतीच्या हिशेबात फसवतो. तुम्ही एक युनिट वाचवलं की कमी होतं ते सर्वांत वरचं, सर्वांत महाग युनिट. ३४० युनिट वापरणाऱ्या घराने ४० युनिट कमी केले तर साधारण ७३० रुपये वाचतात. ९० युनिट वापरणाऱ्याने तेवढेच ४० कमी केले तर २७३ रुपये. बिलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तुमच्या शेवटच्या युनिटचा दर लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर घ्यायचा आहे.

पायरी ३: एका मीटरवर किती चुली आहेत?

मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत भावाभावांच्या वाटण्या झाल्या, स्वयंपाकघरं वेगळी झाली, पण मीटर आजोबांच्या नावावर एकच राहिला, अशी घरं पुष्कळ आहेत. दोन कुटुंबांचे १५०-१५० युनिट एकाच मीटरवर आले की बिल ३,४८९ रुपयांचं. तेच दोन मीटरवर विभागले तर प्रत्येकी १,४९५, म्हणजे मिळून २,९९०. स्थिर आकार दोनदा भरूनही महिन्याला जवळपास ५०० रुपये कमी. पण हे खरोखर वेगळी राहणारी कुटुंबं, वेगळा भाग आणि त्याची कागदपत्रं असतील तेव्हाच करा. एकाच कुटुंबाने फक्त टप्पा फोडण्यासाठी दोन मीटर घेतले तर तपासणीत ते एकत्र धरले जाऊ शकतात.

भाडेकरूंचाही प्रश्न इथेच येतो. शिवाजी विद्यापीठाच्या आसपास खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलांना घरमालक सब-मीटर लावून युनिटला ठरावीक रक्कम लावतात. मालकाचं घर आणि चार खोल्या मिळून मीटर वरच्या टप्प्यात जातो हे खरं आहे. पण म्हणून सगळ्यात वरचा दर प्रत्येक युनिटला लावणं न्याय्य होत नाही. मूळ बिल दाखवायला सांगा, एकूण रक्कम भागिले एकूण युनिट करा आणि तुमच्या सब-मीटरच्या युनिटने गुणा. बहुतेक मालक आकडे समोर ठेवले की ऐकतात. भाडेकराराच्या वेळीच ही पद्धत लिहून घेतलेली बरी.

पायरी ४: वर्गवारी तपासा

घरातल्या घरात धंदा करणारी कुटुंबं कोल्हापूर जिल्ह्यात घरटी सापडतील. हुपरीत चांदीचं काम, शहरात चपलांचं शिवणकाम, कुठे मेस, कुठे ब्लाउज शिवणं, कुठे पार्लर. मीटर घरगुती आणि काम धंद्याचं, म्हणून तपासणीला आलेला माणूस व्यावसायिक दर लावण्याची भाषा करतो आणि लोक घाबरतात.

आयोगाच्या दर आदेशात यासाठी सवलत आहे. राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय चालतो, महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आहे आणि मागच्या आर्थिक वर्षाचा एकूण वापर ३,६०० युनिटपर्यंत होता, तर घरगुती दरच लागू राहतो. मागच्या बारा महिन्यांच्या युनिटची यादी बिलावर असते. तिचा फोटो जवळ ठेवा. रस्त्यावरच्या स्वतंत्र गाळ्याला मात्र ही सवलत नाही. तिथे घरातून वायर ओढून वीज वापरली तर कलम १२६ खाली दंडासह आकारणी होऊ शकते.

पायरी ५: वापर कुठे कापायचा, कुठे नुसता हलवायचा

पंख्यापासून सुरुवात करा. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा ३५ च्या आत. तीन पंखे रोज बारा तास चालत असतील तर महिन्याला ४० हून जास्त युनिट वाचतात. दुसऱ्या टप्प्यातल्या घराला हे महिना साडेपाचशे रुपयांच्या घरात जातं. उन्हाळ्याच्या तीन-चार महिन्यांतच पंख्याच्या किमतीचा काही भाग वसूल होतो.

दुसरा गिझर. दोन किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. पाच माणसांच्या घरात सकाळी दोन तास चालला तर दिवसाला चार, महिन्याला १२०, म्हणजे बाकी घर जेवढी वीज वापरतं तेवढीच. सौर बंब बसवला तर हा वापर पावसाळ्याचे दिवस वगळता जवळपास संपतो. मला तरी हा सर्वांत खात्रीचा खर्च वाटतो. परसात पाणी तापवायचा तांब्याचा बंब अजून चालू असेल तर तो मोडीत काढू नका.

आता वेळेनुसार दर. केंद्राच्या २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांनी दिवसाच्या वेळेप्रमाणे दर ठेवायला सांगितलं. जुलै २०२५ पासून महावितरणच्या ज्या घरगुती ग्राहकांकडे टीओडी (वेळेनुसार वापर मोजणारा) मीटर बसला आहे त्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटला ८० पैसे ते १ रुपया सवलत मिळते. एक्स्चेंजवर दुपारी वीज स्वस्त असते, त्याचा थोडा फायदा घरापर्यंत पोहोचवण्याची ही सुरुवात. वॉशिंग मशीन, इस्त्री, टाकीत पाणी चढवायची मोटर ही कामं दुपारी करा. पण अपेक्षा माफक ठेवा. महिन्याला ४० युनिट दुपारी हलवले तर वाचतील ३२ ते ४० रुपये. तेच ४० युनिट कापले तर पाचशेच्या वर वाचतात. म्हणून आधी कापा, उरलेलं हलवा.

किरकोळ सवलतीही घेऊन टाका. छापील बिलाऐवजी ई-बिल घेतलं तर दर बिलामागे १० रुपये सूट मिळते, ऑनलाइन भरण्याला पाव टक्का आणि बिलावर छापलेल्या लवकरच्या तारखेआधी भरलं तर साधारण एक टक्का. मुदत चुकली तर सव्वा टक्का विलंब आकार लागतो.

पायरी ६: छप्पर हाच तुमचा दुसरा विक्रेता

घरगुती ग्राहकाला महावितरणसमोर खरी स्पर्धा उभी करता येते ती एकाच जागी, स्वतःच्या गच्चीवर. पण इथे विक्रेत्याच्या सल्ल्याने आकार ठरवू नका. हिशेब स्वतः करा.

पीएम सूर्यघर योजनेत, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार रुपये अनुदान आहे. ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला मिळून ७८ हजार, त्यापुढे काही नाही. गृहनिर्माण सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा, संच नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच बसवायचा आणि पॅनेल देशात बनलेल्या सेलचं असायला हवं, नाहीतर अनुदान अडकतं.

एक किलोवॉट वर्षाच्या सरासरीने महिन्याला साधारण १२० युनिट देतो. महिना ३०० युनिट वापरणारं घर घ्या. पहिला किलोवॉट दुसऱ्या टप्प्यातले १२० युनिट खातो, म्हणजे महिना १,५९५ रुपये वाचवतो. दुसरा किलोवॉट त्याच टप्प्यातले ८० आणि पहिल्या टप्प्यातले ४० खातो, साधारण १,३३६ रुपये. आता उरले फक्त ६० स्वस्त युनिट. तिसरा किलोवॉट त्यांवर ४०९ रुपये वाचवतो, बाकी वीज शिल्लक राहते आणि वर्षअखेरीच्या हिशेबात तिचे पैसे तुमच्या खरेदीदरापेक्षा फार कमी मिळतात. 'तीनच घ्या, पूर्ण ७८ हजार मिळतात' हा आग्रह ऐकू येईल तेव्हा हे तीन आकडे समोर ठेवा. पुढे एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची असेल तरच तिसरा घ्या.

महिना १०० युनिटच्या आत असलेल्या घराने घाई करू नये, कारण तिथे वाचणारं प्रत्येक युनिट सर्वांत स्वस्त टप्प्यातलं असतं. केंद्राच्या अनुदानावर राज्याकडून जादा मदत मिळत असेल तर गणित पुन्हा मांडा.

कोल्हापूरच्या पावसाची काळजी अनेकांना वाटते आणि ती रास्त आहे. जून ते सप्टेंबर उत्पादन बरंच घसरतं. पण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे दिलेली आणि घेतलेली वीज एकमेकींतून वजा करण्याच्या पद्धतीत, शिल्लक युनिट आर्थिक वर्षभर पुढे नेता येतात. एप्रिल-मेच्या कडक उन्हात साठलेले युनिट जुलै-ऑगस्टमध्ये वापरता येतात. म्हणून संच मार्चपर्यंत चालू करून घ्या. जूनमध्ये बसवला तर पहिला पावसाळा साठ्याविना जातो. पंचगंगेच्या पूररेषेजवळ राहणाऱ्यांनी इन्व्हर्टर आणि मीटर पहिल्या मजल्यावर घ्यावेत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात खालच्या मजल्यावरच्या मीटरपेट्या पाण्यात गेल्या होत्या.

पायरी ७: बिल चुकलं तर

तोंडी भांडण करून उपयोग होत नाही. तक्रार १९१२ वर किंवा ॲपवर नोंदवा, क्रमांक घ्या आणि उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. काम झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे दाद मागता येते. कोल्हापूरसाठी ते कार्यालय मुंबईत आहे.

दरम्यान वीज तोडली जाण्याची भीती असते, त्यासाठी कलम ५६ लक्षात ठेवा. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. बिल वादग्रस्त असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांत जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरा. वाद मिटेपर्यंत मग वीज तोडता येत नाही. भरताना 'निषेधासह' असा लेखी उल्लेख करायला विसरू नका.

पायरी ८: दर ठरतो तिथे बोला

महावितरण दरवाढ मागते तेव्हा ती याचिका आयोगापुढे जाते. तिचा गोषवारा वृत्तपत्रांत छापावा लागतो आणि कायद्याने लोकांच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. जाहिरातीत मुदत आणि पाठवण्याची रीत दिलेली असते. हरकत कोणीही पाठवू शकतं, वकील लागत नाही.

आपल्या जिल्ह्याला याची परंपरा आहे. इचलकरंजीतून काम करणारी महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना आणि तिचे प्रताप होगाडे वर्षानुवर्षं या सुनावण्यांत आकडे घेऊन उभे राहतात. गळती किती दाखवली, शेतीपंपांचा वापर किती फुगवला, असे प्रश्न तिथे विचारले जातात आणि आयोगाला आदेशात त्यांची नोंद घ्यावी लागते. एका घराने पन्नास युनिट वाचवले तर एका घराचं बिल कमी होतं. महावितरणने मागितलेल्या खर्चातून एक बाब आयोगाने कापली तर राज्यातल्या प्रत्येक घराचा दर कमी होतो. म्हणून मी या पायरीला इतकं महत्त्व देतो.

हरकत लिहिताना 'दरवाढ रद्द करा' एवढंच लिहू नका. याचिकेतल्या एका तक्त्याला हात घाला. वीजखरेदीचा दर मागच्या वर्षापेक्षा इतका जास्त का धरला, गळती कमी करण्याचं मागच्या आदेशातलं उद्दिष्ट पूर्ण झालं का, स्थिर आकार वाढवण्याचं कारण काय. तुमच्या फिडरवर (तुमच्या भागाला वीज देणाऱ्या लाइनवर) वीज वारंवार जात असेल तर तारखा आणि तास लिहा. आपल्याला जवळची प्रत्यक्ष सुनावणी पुण्याला असते, पण लेखी हरकत घरून पाठवता येते. सोसायटीने किंवा गल्लीतल्या तरुण मंडळाने मिळून एक मुद्देसूद हरकत तयार केली, सह्या घेतल्या आणि एकाला सुनावणीला पाठवलं, तर खर्च एसटीच्या तिकिटाचा.